तोंडावरचं बोट

"हाताची घडी, तोंडावर बोट." हे चार शब्द मी किती हजार वेळा म्हटले असतील याचा हिशेब लागणार नाही. निफाड तालुक्यातल्या आमच्या गावात मी एकवीस वर्षं बालवाडी चालवते आहे. महिला मंडळाच्या दोन खोल्या, पुढे अंगण, अंगणात चिंच आणि चिंचेला दोराचा झोका. पहिली नऊ-दहा वर्षं वर्गात कालवा झाला की मी हे चार शब्द म्हणायची आणि बावीसच्या बावीस पोरं चिडीचूप व्हायची. दारातून डोकावणाऱ्या आयांना ते बघून बरं वाटे, मलाही वाटे. मूल गप्प बसलं म्हणजे मूल आवरलं, असा माझा समज होता. तो एका कानटोपीवाल्या मुलाने मोडला.

तो जूनमध्ये आला. सव्वातीन वर्षांचा, आणि जूनच्या उकाड्यातही डोक्यावर लोकरीची निळी कानटोपी. काढायला गेलं की ओरडायचा, म्हणून मी ती राहू दिली. आई खळ्यावर कांदे निवडायला जाते, वडील टेम्पो चालवतात, घरी आजी. तिला ऐकू कमी येतं, त्यामुळे ती फारसं बोलत नाही. दिवसभर टीव्ही सुरू. त्याच्याजवळ मोजून पंधरा-वीस शब्द होते. बाकी सगळं काम बोट दाखवून आणि "हं, हं" करून चालायचं. आणि दातांनी. पहिल्या आठवड्यात त्याने चार जणांना चावा घेतला.

चौथ्या वेळी मी समोरच होते. वाळूच्या ढिगात एक लाल बादली होती आणि ती दुसऱ्या मुलीच्या हातात होती. त्याने बादलीकडे पाहिलं, मग मुलीकडे. हनुवटी थरथरली आणि तोंड उघडलं. त्या एका क्षणात मला स्पष्ट वाटलं की हा आता काहीतरी बोलणार. तोंड शब्दासाठीच उघडलं होतं. पण शब्द आलाच नाही आणि दात तिच्या दंडात रुतले.

मी त्याला आत आणलं, भिंतीशी बसवलं, त्याच्या हातांची घडी घातली आणि त्याचंच बोट त्याच्या तोंडावर ठेवलं. तो बसला. डोळ्यांतलं पाणी त्या बोटावरून ओघळत होतं. मी वळून दुसऱ्या मुलीच्या दंडाला बर्फ लावायला गेले आणि परत आले, तेव्हा त्याने स्वतःचं बोट चावलेलं होतं. दोन दातांचे खोल वण पडले होते, एका वणातून रक्ताचा थेंब आला होता. तो आवाज न करता रडत होता, कारण ताईने सांगितलं होतं, गप्प बस.

त्या दिवसापासून ते चार शब्द मी वर्गात वापरले नाहीत.

त्याच वर्षी वर्गात आणखी एक मूल होतं, तिची गोष्ट आधी सांगायला हवी. द्राक्षाच्या बागांच्या कामासाठी सुरगाणा-पेठकडची कुटुंबं आमच्याकडे येतात. त्यातली ही चार वर्षांची मुलगी. कधी रडली नाही, कुणाचं काही ओढून घेतलं नाही, जिथे बसवली तिथे बसली. मी तिला सगळ्यांसमोर "शहाणी" म्हणायची. दोन महिन्यांनी आमच्या मदतनीस मावशी, ज्यांचं माहेर सुरगाण्याकडचं, तिच्याशी सहज कोकणीत काही बोलल्या. ही कोकणी म्हणजे गोव्याची नव्हे, डोंगरातल्या कोकणा लोकांची. त्या पोरीचा चेहरा असा उघडला की काय सांगू. ती भडाभडा बोलायला लागली, मावशींचा पदर सोडेना. दोन दिवसांत तिने झोक्यावरून भांडण केलं आणि मला पहिल्यांदा कळलं की ही पोर दोन महिने शहाणी नव्हती, तिला बोलायला कुणी नव्हतं. चावणारा मुलगा आणि मूक मुलगी, दोघांची अडचण एकच होती. एक दातांनी बाहेर पडत होता, दुसरी आत कोंडली होती. आणि मी एकाला शिक्षा करत होते, दुसरीला शाबासकी देत होते.

मुलाने स्वतःला सांभाळायला शिकणं, याला प्रशिक्षणात 'स्वनियमन' म्हणतात. शब्द बरोबर आहे, पण जड आहे. आपल्या घरात याला साधा शब्द आहे: आवरणं. घर आवरणं, पसारा आवरणं, केस आवरणं, आणि तोच शब्द रडू आवरण्याला, राग आवरण्याला. मला या शब्दातच उत्तर दिसतं. घर आवरायचं तर वस्तू ठेवायला जागा लागते, फडताळ लागतं, खुंट्या लागतात. खुंटीच नसेल तर सदरा जमिनीवरच पडणार. लहान मुलाच्या पोटातून जे उसळून येतं त्याला टांगायला खुंटी म्हणजे शब्द. 'मला दे', 'माझी पाळी', 'मला राग आलाय', 'तिने आधी घेतली', 'अजून थोडं'. यातला एकही शब्द नसलेल्या मुलाला आपण 'स्वतःला आवर' म्हणतो, तेव्हा त्याने आवरावं कशात?

हे नुसतं माझं वाटणं नाही. 2011 साली अमेरिकेत 120 मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मुलं 14, 24 आणि 36 महिन्यांची असताना त्यांना पाहिलं होतं. ज्यांच्याजवळ वेगवेगळे शब्द जास्त होते, ती पुढे स्वतःला जास्त चांगली सांभाळत होती. किती बडबडतात यापेक्षा किती तऱ्हेचे शब्द आहेत याला महत्त्व होतं, आणि हा फरक मुलींपेक्षा मुलांत जास्त दिसला. तो अभ्यास मी पहिल्यांदा वाचला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ती कानटोपी आली.

पण शब्द शिकला आणि मूल आवरलं, इतकं ते सरळ नसतं. मधे एक पायरी आहे आणि ती मोठी सुंदर आहे.

रशियात लेव्ह व्हिगॉट्स्की नावाचे मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. क्षयाने 1934 साली गेले, वय अवघं 37. विचार आणि भाषा यांवरचं त्यांचं मोठं पुस्तक त्याच वर्षी निघालं. लहान मुलं खेळताना एकटीच मोठ्याने बोलतात, हे आपण सगळे बघतो आणि हसून सोडून देतो. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ पियाजे यांनी त्याआधी म्हटलं होतं की हे आत्मकेंद्री बोलणं असतं, मूल मोठं झालं की विरून जातं. व्हिगॉट्स्कींनी एक साधी गोष्ट केली. मूल चित्र काढायला बसलं की त्यात मुद्दाम अडचण आणायची, हवी ती रंगीत पेन्सिल नाहीशी करायची. लगेच मुलाचं स्वतःशी बोलणं जवळजवळ दुप्पट व्हायचं. निळी कुठे गेली, बरं लालने काढतो, पाण्यात बुडवली की गडद होईल, असं. साडेपाच वर्षांचा एक मुलगा ट्राम काढत होता, चाक काढताना पेन्सिलीचं टोक मोडलं. तो स्वतःशी म्हणाला, मोडली. आणि मग त्याने मोडकी, अपघात झालेली ट्रामच काढली. त्या एका शब्दाने त्याला रडण्यापासून वाचवलं आणि पुढे काय करायचं तेही दाखवलं. व्हिगॉट्स्कींचं म्हणणं असं की हे बोलणं विरून जात नाही, ते आत जातं. आधी मोठी माणसं मुलाला सांगतात, मग मूल तेच स्वतःला मोठ्याने सांगतं, मग पुटपुटतं, आणि शेवटी मनात म्हणतं. आपण मोठी माणसं ज्याला विचार करणं म्हणतो, ते त्या बडबडीचंच मोठं झालेलं रूप.

हे वाचून मी किती वेळ नुसती बसून राहिले होते. ज्या तोंडाने मूल स्वतःला थांबायला शिकतं, त्याच तोंडावर मी नऊ-दहा वर्षं बोट ठेवायला लावलं होतं.

आता झोक्याकडे येते. चिंचेला एकच झोका आणि पोरं बावीस. नियम असा की प्रत्येकाला दहा झोके, आणि रांगेतल्या सगळ्यांनी मिळून मोजायचे. टोपीवाला सुरुवातीला रांगेत उभाच राहत नसे, चालता झोका धरायला धावे. मी त्याच्यामागे उभी राहायची, त्याच्या खांद्यावर हात ठेवायची आणि त्याच्या कानाशी म्हणायची, "थांब. तिचं झालं की तुझं. एक... दोन... तीन..." रोज तेच, तितकेच शब्द, त्याच चालीवर. जुलै गेला, ऑगस्ट गेला. पोळ्याच्या आसपास एक दिवस मी दुसऱ्या टोकाला एकाचं नाक पुसत होते आणि मला रांगेतून आवाज आला. "थांब. थांब. तिचं झालं का माजं. एक, दोन, तीन, पाच, पाच, धा." तो एकटाच उभा होता, दोन्ही मुठी छातीशी आवळून, डोळे झोक्यावर. 'थांब' तो कुणालाच म्हणत नव्हता, स्वतःच्या पायांना म्हणत होता. पाय जागच्या जागी नाचत होते, पण रेघ ओलांडत नव्हते. मोजणं चुकलं होतं आणि थांबणं बरोबर होतं. मी त्याची ती संख्या दुरुस्त केली नाही. आजही मला वाटतं तेव्हा केली नाही ते बरं केलं.

माझे शब्द होते ते, माझ्या चालीसकट. आता त्याचे झाले होते.

आपल्या जुन्या गोष्टींना हे सगळं माहीत होतं असं मला राहून राहून वाटतं. चिऊताईची गोष्ट घ्या. पावसात कावळ्याचं शेणाचं घर वाहून जातं, तो चिमणीच्या मेणाच्या घराशी येतो आणि म्हणतो, चिऊताई चिऊताई दार उघड. आणि ती काय म्हणते? थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते. थांब, माझ्या बाळाला अंग पुसते. थांब, माझ्या बाळाला तीट लावते. ही सगळी गोष्ट थांबण्याची आहे. ऐकणारं मूलही कावळ्याबरोबर थांबतं; दार उघडावं असं त्याला आतून वाटत असतं, तरी त्याला ते लांबायलाही हवं असतं. 'अजून एकदा' म्हणून मुलं या गोष्टीत नवीन थांबे घालतात. आमच्या टोपीवाल्याने दिवाळीनंतर एकदा मधेच तोंड घालून चिमणीचं वाक्य म्हटलं: "थांब, माझ्या बाळाला टोपी घालते." वर्गात त्याचं ते पहिलं पूर्ण वाक्य.

भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्टही तशीच. रानात वाघ भेटतो, म्हणतो तुला खातो. म्हातारी म्हणते, लेकीकडे जाते, तूपरोटी खाते, लठ्ठ होते, मग मला खा. आणि वाघ थांबतो! एका वर्षी एका मुलीने विचारलं, "ताई, वाघाने तिला तेव्हाच का नाही खाल्लं?" मी उत्तर शोधत होते, तोवर शेजारची म्हणाली, "म्हातारी बोलली ना." याहून चांगलं उत्तर मला देता आलं नसतं. बोलण्याने वाघ थांबला. मग मी सगळ्यांना विचारलं, "त्या वाघाला पुढच्या वर्षी दुसरी म्हातारी भेटली आणि असंच म्हणाली, तर?" सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "खाणार!"

त्या ओरडण्यात जे होतं ते शास्त्रज्ञांना उमगायला बराच काळ लागला. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेत 1960 च्या दशकात वॉल्टर मिशेल यांनी एक प्रयोग सुरू केला. मुलासमोर एक गोड पदार्थ ठेवायचा आणि सांगायचं, मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील. काही मुलं पंधरा-पंधरा मिनिटं थांबली. जी थांबली त्यांच्यातली कितीतरी स्वतःशी बोलत होती, गाणी म्हणत होती, डोळे झाकत होती. तो पदार्थ म्हणजे पांढरा ढग आहे असं मनात आण, असं सुचवल्यावर मुलांना थांबणं सोपं गेलं. म्हणजे नाव बदललं की वस्तूची ओढ बदलते. पुढे त्या प्रयोगाचा फार गवगवा झाला, थांबणारी मुलं आयुष्यात यशस्वी होतात असं लोक सांगू लागले. 2018 साली 900 हून जास्त मुलांवर तो पुन्हा तपासला तेव्हा तो संबंध बराच क्षीण निघाला, आणि घरची परिस्थिती हिशेबात घेतली की आणखी क्षीण.

मला जास्त मोलाचा वाटतो तो सेलेस्ट किड यांचा रॉचेस्टर विद्यापीठातला प्रयोग, 2013 साली प्रसिद्ध झालेला. त्यांनी तरुणपणी बेघर कुटुंबांच्या निवाऱ्यात काम केलं होतं आणि तिथली मुलं या परीक्षेत काय करतील, असा त्यांना प्रश्न पडला होता. त्यांनी 28 मुलं घेतली. आधी मुलांना जुने खडू दिले आणि सांगितलं, थांब, मी चांगले आणते. निम्म्या मुलांना खरंच चांगले आणून दिले. निम्म्यांना म्हटलं, नाहीत गं, चुकलंच माझं. मग तो गोड पदार्थाचा खेळ. ज्यांना दिलेला शब्द पाळला होता ती मुलं सरासरी 12 मिनिटं थांबली. ज्यांना फसवलं होतं ती 3 मिनिटं.

मुलाने थांबावं, यात मुलाची परीक्षा कमी आहे आणि आपली जास्त. याचा मला आलेला चटका इथे सांगते. दर जूनमध्ये मुलं दाराशी रडतात, आईला सोडत नाहीत. मी स्वतः कित्येक आयांना सल्ला दिला आहे: "तो खेळण्यात रमला की गुपचूप निघून जा." सगळ्याच बालवाड्यांत ही रीत आहे. मूल वळून बघतं आणि आई नाही. मग आपण म्हणतो, थांब, येईल हं आई. कोणत्या तोंडाने म्हणतो? त्या वर्षी टोपीवाल्याच्या आईला मी सांगितलं की त्याच्यासमोर बसून सांगायचं, "कांदे निवडून झाले की येते," आणि त्याच्या डोळ्यांदेखत जायचं. पहिले तीन दिवस तो जास्त रडला आणि ती माउलीही गेटबाहेर रडली. चौथ्या दिवशी दुपारी बाराला तो गेटाशी जाऊन उभा राहिला आणि आई दिसताच विचारलं, "कांदे झाले?" ती म्हणाली, झाले. त्यानंतर तो रडला नाही. खळ्यावरच्या मुकादमाशी भांडून ती रोज बाराला अर्धा तास सुटत होती, हे मला खूप नंतर कळलं.

मुलांचे आपले जुने खेळही हेच काम करतात. चिमणी भुर्र, कावळा भुर्र, म्हैस भुर्र. म्हशीला हात वर गेला की आउट. हात उचलायची घाई असते, कान सांगतो थांब, शब्द तर ऐक. 'शिवाजी म्हणतो' तसाच, डोंगर-पाणी तसाच. संशोधक मुलांना असंच काहीतरी करायला लावतात: 'डोक्याला हात लाव' म्हटलं की पायाला लावायचा, 'पायाला' म्हटलं की डोक्याला. 2007 साली 300 हून जास्त मुलांवरच्या अभ्यासात दिसलं की या खेळात वर्षभरात ज्यांची प्रगती जास्त झाली, त्यांची शब्दसंपत्ती, अक्षरओळख आणि गणितही जास्त पुढे गेलं. आमच्या आज्यांनी अंगणात मांडलेले खेळ आम्ही बालवाडीतून बाहेर काढले आणि त्यांच्या जागी उजळणीच्या वह्या आणल्या. मोबाईलबद्दल मी फार बोलत नाही, एवढंच म्हणते की मोबाईल मुलाला थांबवत नाही आणि मुलासाठी थांबतही नाही. त्याच्यापुढे बसलेल्या मुलाला बोलायची पाळीच येत नाही.

डिसेंबरात टोपीवाल्याचे वडील आले. रागावलेले नव्हते, काळजीत होते. "ताई, माझ्या भावाचा पोरगा याच्याच वयाचा. शंभरपर्यंत लिहितो. एबीसीडी लिहितो. आमचा नुसता खेळतो." वहीवर काहीतरी दिसावं, ही त्यांची मागणी चुकीची होती असं मी म्हणणार नाही. टेम्पोवर दिवस काढणाऱ्या माणसाला मुलाच्या हातात पेन्सिल दिसली की धीर येतो. पण मी त्यांना पेन्सिल द्यायला तयार नव्हते, आणि त्याचं कारण माझ्या घरातलं आहे.

माझी लेक साडेतीन वर्षांची असताना शहरातल्या एका नावाजलेल्या शाळेत तिची मुलाखत होती. साडेतीन वर्षांच्या मुलीची मुलाखत! तिला नाव लिहून दाखवायचं होतं. महिनाभर मी रोज संध्याकाळी तिच्याकडून 'अ' गिरवून घेतला. कागदाला भोक पडेपर्यंत ती खोडायची. एक दिवस ती म्हणाली, "आई, माझा हात रडतो." मी तेव्हा ऐकलं नाही. मनगटात आठ छोटी हाडं असतात, जन्मतः ती सगळी कूर्चा असते, आणि तीन-चार वर्षांच्या वयात त्यातली जवळजवळ निम्मी अजून हाडं झालेलीच नसतात, हे मला नंतर समजलं. तिचा हात खरंच रडत होता. तिला त्या शाळेत प्रवेश मिळाला. पुढची चार वर्षं तिने आपण होऊन कधी कागद हातात घेतला नाही.

म्हणून त्या वडिलांना मी अंगणात नेलं आणि मुलं काय करतात ते दाखवलं. आम्ही टाळ्या वाजवून शब्द तोडत होतो: कां-दा, दोन टाळ्या. टो-मॅ-टो, तीन. मग भेंड्या: 'माकड' म्हटलं की 'ड' वरून पुढचा शब्द. 'अडगुलं मडगुलं सोन्याचं कडगुलं' याला अर्थ असो नसो, कान त्यातला 'गुलं' बरोबर पकडतो. ज्या कानाला शब्दाचे तुकडे ऐकू येतात, त्यालाच पुढे अक्षर म्हणजे काय ते कळतं. आणि मग 'ग म भ न' ला फार दिवस लागत नाहीत.

वाचणं हेसुद्धा थांबणंच आहे. पाटीवर मी त्यांना 'किती' लिहून दाखवलं. डावीकडून वाचू लागलं की डोळ्यांना आधी काय भेटतं? पहिली वेलांटी. पण तोंडात आधी येतो 'क'. वेलांटी दिसली तरी तिला जरा धरून ठेवायचं, अक्षर येऊ द्यायचं, मग दोघं मिळून म्हणायचं. आपली लिपी मुलाला पावलोपावली असं थांबायला लावते. जोडाक्षर आलं की अर्ध्या अक्षरावर श्वास धरायचा. जे मूल झोक्याच्या रांगेत स्वतःला 'थांब' म्हणायला शिकलं नाही, ते 'कि' पाशी कसं थांबेल? वडील बराच वेळ पाटीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "असं कधी बघितलंच नव्हतं." शंका त्यांच्या डोळ्यांत होतीच, पण मुलाला त्यांनी काढून नेलं नाही.

ही वाट मी शोधलेली नाही. ताराबाई मोडकांनी आणि अनुताई वाघांनी 1945 पासून बोर्डीला आणि 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये जे काम केलं, त्यातून आम्हा सगळ्यांची वाट आहे. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी शाळाच पाड्यावर, अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा भरवली. शिंपले, खडे, बिया, पानं हेच साधन. बसून गप्प राहणारं मूल त्यांना नकोच होतं. कोसबाडची टेकडी मी एकदाच पाहिली, पावसात. तिथून परतताना एसटीत बसून मी वहीत एकच ओळ लिहिली होती: उद्यापासून दुकान-दुकान, दवाखाना-दवाखाना रोज.

दवाखाना आमच्याकडे अजून रोज भरतो. फेब्रुवारीतला एक दिवस सांगते. डॉक्टरीण आतल्या खोलीत, जुनी नळी गळ्यात. बाहेर सतरंजीवर पेशंट, कुणाच्या बाहुलीला ताप, कुणाचा पाय मोडलेला. दारात पाटावर नंबर लावणारा म्हणून कोण, तर आमचा टोपीवाला. रशियात मानुइलेंको यांनी एक प्रयोग केला होता: मुलाला नुसतं 'हलू नकोस' म्हटलं की ते लगेच हलतं, पण तू पहारेकरी आहेस म्हटलं की तेच मूल कितीतरी जास्त वेळ निश्चल उभं राहतं. ते मी त्या दिवशी समोर पाहिलं. जो मुलगा गोष्टीच्या वेळी पाच मिनिटं टेकत नसे, तो त्या पाटावर वीस मिनिटं बसून होता. कानटोपी काढून त्याने गुडघ्यावर ठेवली होती, कारण दवाखान्यातला माणूस टोपी घालत नाही.

त्याच्या हातात खडू होता आणि रद्दीच्या चिठ्ठ्या. प्रत्येक पेशंटला तो नाव विचारायचा, चिठ्ठीवर नागमोडी रेघ ओढायचा, ती वरपासून खालपर्यंत वाचल्यासारखी बघायचा आणि द्यायचा. लाल बादलीवाली मुलगी बाहुली घेऊन आत घुसायला निघाली तसा त्याने हात आडवा केला. हात फक्त आडवा केला. "थांब," तो म्हणाला, "आत पेशंट हाय. तुझ्या बाळाला तवर टोपी घाल." आणि गुडघ्यावरची स्वतःची कानटोपी तिला दिली.

मी कमरेवर हात ठेवून दारात उभी होते. मला आत जायचं होतं, डब्याची वेळ होत आली होती. त्याने माझ्याकडे पाहिलं, एक चिठ्ठी घेतली, जीभ बाहेर काढून तिच्यावर रेघ ओढली, रेघेच्या शेवटी एक गोल काढला आणि पुटपुटला, "ताई... ताई... झालं." चिठ्ठी माझ्या हातात दिली.

"तुमचा नंबर यायचाय. बसा."

मी सतरंजीवर बसले, बाहुलीवाल्या मुलीच्या शेजारी.